पाचवा प्रकार

३ जून, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. थोर माणसांच्या वह्या पुढे सापडतात, म्हणून अक्षर नीट काढायचं.
काम: स्तनाच्या कॅन्सरच्या दोनशे गाठींच्या तपासणीचे आकडे कॉम्प्युटरला द्यायचे. सारख्या दिसणाऱ्या गाठी तो एका गटात टाकतो. डॉक्टरांना माहीत असलेले प्रकार चार. इतक्या वर्षांत चारच!

४ जून
किती गट पाडायचे ते कॉम्प्युटरला आपणच सांगतो. मी पाच सांगितले. पाच पडले! म्हणजे त्यालाही पटलं. पाचव्यात तेवीस गाठी, बाकीच्यांपासून अगदी फटकून. नवा प्रकार!! बायकोला सांगितलं. तिने विचारलं, दूध आणलं का. इतिहास घडताना दूध राहतंच.

५ जून
प्रकाराला माझं आडनाव द्यावं का? आजाराला स्वतःचं नाव, बरं दिसत नाही. दहा वेळा लिहून पाहिलं. बरं दिसतं.
विभागाच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हुरळून जाऊ नकोस, कुठली गाठ कुठल्या मशीनवर तपासली ते आधी लॅबच्या काकांना विचार. विचारेन. काका फार बोलतात.

६ जून
काखेत कळसा! ताईची गाठ गेल्या वर्षी काढली, तिनेही या कामासाठी नमुना दिला होता. नमुन्याच्या चिठ्ठीवरचा नंबर तिच्याकडून घेतला. पाचव्यात! फोनवरच ओरडलो, ताई, तू दुर्मिळ आहेस! ती गप्प झाली. आनंदाने असणार.

७ जून, सकाळी ८
भाऊजींचा फोन. ताई कालपासून जेवलेली नाही. विचारते आहे, नव्या प्रकारावर औषध तरी आहे का. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मॅडमचं मशीनबद्दलचं बोलणं आठवलं. काकांकडे पळालो.

दुपारी १२
काकांनी रजिस्टर उघडलं. नवं मशीन बंद होतं त्या आठवड्यात तेवीसच्या तेवीस गाठी जुन्या मशीनवर तपासल्या होत्या. म्हणजे मी नवा प्रकार नाही, जुनं मशीन ओळखलं. काका नेमके आज दोनच शब्द बोलले: चहा घे.

संध्याकाळी ७
मॅडमना घेऊन ताईकडे गेलो. त्यांनी तिचा जुना रिपोर्ट समजावला: नेहमीचाच प्रकार, औषधं बरोबर, तब्येत उत्तम. मग मला झापलं, तिच्यासमोरच. ताई रडली, हसली, माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. म्हणाली, साधी आहे तीच बरी आहे मी. मग दोनदा वाढून घेऊन जेवली. तिच्याकडे बघत बसलो, फार बरं वाटलं.
येताना दूध आणलं.