लीलाधरभाऊंच्या टेंगळामागचा हेतू

१९ एप्रिल, रविवार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सकाळी ८
संकल्प : आजपासून 'खरी बात' या माझ्या पेजवर पुराव्याशिवाय एक शब्द टाकायचा नाही. कागद कारखान्यातून लवकर निवृत्ती घेतली ती सत्यासाठीच. बायकोच्या, म्हणजे कोकिळेच्या मते झोपेसाठी.

आखाजीला मांडे-आमरस हाणून आडवं व्हायचं, ही लग्नापासूनची माझी परंपरा. यंदा ती मोडून बुरहानपूरच्या राजघाटावरून थेट लाइव्ह. गल्लीतल्या बायांबरोबर गौराई बुडवायला निघताना कोकिळा म्हणाली, जरा टोपली धरा. मी सांगितलं, पत्रकार कोणत्याच गल्लीची टोपली उचलत नाही. तिनं टोपली स्वतःच डोक्यावर घेतली. पटलं असावं.

संध्याकाळी ६
ब्रेकिंग! राजघाटावर हल्ला! केळीचे अडते लीलाधरभाऊ माझ्या शेजारी उभे, मी लाइव्ह बोलतोय, आणि धप्प! डोक्यात काहीतरी बसलं. त्यांच्या. टेंगूळ लिंबाएवढं, वर एक टाका. तिकडे राजपुऱ्याच्या आणि शनवाऱ्याच्या बाया समोरासमोर उभ्या राहून जोरजोरात शिव्या देत होत्या. घाबरल्या असतील बिचाऱ्या.

सगळा हल्ला माझ्या फोनमध्ये आहे. माझा प्रतिस्पर्धी योगेंद्र, त्याच्या 'चौकन्ना चौक' पेजचं आता काही खरं नाही.

२० एप्रिल
व्हिडिओ पाहिला. कॅमेरा माझ्याकडेच वळलेला राहिला होता. चौदा मिनिटं फक्त माझा चेहरा. धप्प मात्र स्वच्छ ऐकू येतं. नुसत्या आवाजावरूनही अनुभवी माणसाला हेतू कळतो. पोस्ट टाकली : 'केळीचे भाव पाडल्याचा सूड?' शेवटी प्रश्नचिन्ह घातलं की पुरावा लागत नाही. संकल्प शाबूत.

योगेंद्रनं टाकलं, 'चुनावी साजिश'. त्याला नऊ हजार व्ह्यूज. मला एक्केचाळीस.

लीलाधरभाऊंनाच फोन करून विचारलं, हल्ल्यामागचं कारण काय वाटतं? ते म्हणाले, योगेंद्रचं बरं आहे, वॉर्डाच्या तिकिटाला कामी येईल. तुमच्याकडे त्याहून वजनदार निघालं तर कळवा, तोवर पट्टी काढत नाही.

२१ एप्रिल
सोजरबाई नावाचं एक अकाउंट माझ्या प्रत्येक पोस्टखाली लिहितंय, 'अरे बाबा, ते आखाजीचं ढेकूळ व्हतं.' प्रोफाइलवर तुळशीचा फोटो. उघड उघड फेक. कुणीतरी पैसे देऊन बसवलेलं दिसतं. ब्लॉक.

कोकिळेला काहीतरी सांगायचं होतं. एडिटिंग चालू होतं, नंतर म्हणालो.

२२ एप्रिल, रात्री
सापडला! धप्पनंतर दोन सेकंदांनी माझ्या व्हिडिओत कुणीतरी हसतं. हा आवाज दगाचा. दगा म्हणजे मंडीत केळीचे ट्रक भरणाऱ्या टोळीचा मुकादम, आमच्या मागच्याच गल्लीत राहतो. ट्रक उशिरा भरला म्हणून मागच्या आठवड्यात लीलाधरभाऊंशी त्याची बाचाबाची झाली होती. म्हणजे हेतू झाला, हास्य झालं, आणखी काय हवं?

पोस्ट : 'हसणारा तो कोण?' जबाबदार पत्रकार म्हणून नाव दिलं नाही. फोटो दिला.

संध्याकाळपर्यंत बारा हजार! कोकिळा परत काही सांगायला आली. मी रिप्लाय देत होतो.

२४ एप्रिल
योगेंद्रनं मुद्दा पळवला. 'दगा तो मोहरा, पीछे बाहर का गँग.' लाज नाही माणसाला. दगा माझा आहे.

दगा दारात आला. म्हणाला, भाऊ, हसू आलं म्हणून हसलो. दोन दिवसांपासून मंडीत कोणी आम्हाला ट्रक भरायला बोलवत नाही, आठ माणसं हात बांधून बसलो आहोत, त्याचा पण फोटू टाका ना. मी सांगितलं, तुमची बाजू कमेंटमध्ये मांडा. त्याच्याकडे बटनांचा फोन आहे. तो गेल्यावर छातीत काहीतरी टोचत राहिलं. आमरस असणार.

कोकिळेनं ताट वाढलं आणि समोर न बसता निघून गेली.

२५ एप्रिल, रात्री ९
'महाचर्चा' लाइव्ह ठेवली होती. योगेंद्रही जोडला गेला. आमचं हेतूवर चांगलं रंगलं असताना कोकिळा आली आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला.

तिनं सांगितलं, आखाजीला दोन गल्ल्यांच्या बाया घाटावर एकमेकींना शिव्या देतात, ढेकळं मारतात, त्या दिवशी कोणी राग धरत नाही. सगळ्या बुरहानपूरला माहीत आहे. आमच्या ह्यांना नाही, कारण हे दर आखाजीला घोरत पडलेले असतात. ढेकूळ तिनंच मारलं. दगाभाऊ हसले, कारण सगळा घाट हसला. लीलाधरभाऊसुद्धा.

योगेंद्रनं हेतू विचारला. ती म्हणाली, लीलाधरभाऊंशी आपलं काही नाही, ते मधे आले. नेम ह्यांच्यावर होता. टोपली धरली नाही म्हणून.

चौतीस हजार व्ह्यूज. माझ्या पेजचा विक्रम.

रात्री आठपर्यंत लीलाधरभाऊंची पट्टी निघाली.

२६ एप्रिल, सकाळी
मंडीत गेलो. दगाच्या टोळीला पहाटेच काम मिळालं होतं. छापील माफीनामा वाचायला घेतला. दगा म्हणाला, माफी राहू द्या, घड उचला. तीन उचलले. चौथ्याला पाठीत कळ आली आणि मी तिथेच केळीच्या पानांवर बसलो. आठही जण पोट धरून हसले. लाज वाटली. खरं सांगायचं तर फार बरंही वाटलं.

२७ एप्रिल
पालथा पडून लिहितोय. कोकिळा एका हातानं पाठीला तेल चोळतेय आणि दुसऱ्या हातातल्या फोनवरून योगेंद्रची पोस्ट वाचून दाखवतेय : 'पत्रकार निरंजन पर हमला? पीठ पर गहरी चोट, मकसद पर सस्पेन्स.' सव्वादोनशे कमेंट्स. कुणी म्हणतं दगाच्या टोळीनं बदला घेतला, कुणी म्हणतं लीलाधरचं तिकीट गेलं म्हणून. सर्वाधिक मतं कोकिळेला आहेत. ती सगळ्यांना लाइक देतेय.

एकटी सोजरबाई लिहितेय, 'अरे बाबाहो, त्यानं केळीचे घड उचलले.' तिला कुणी विचारत नाही.

साक्षीदार म्हणून तिला माझ्या पेजवर आणायचं ठरवलं. ताबडतोब अनब्लॉक केलं. तिनं मला ब्लॉक केलेलं आहे.