रेकॉर्डवरचं गंध

बाबा,

खोका आला. वॉचमनने तो पोटाशी धरून दुसऱ्या मजल्यावर आणला आणि विचारलं, "मॅडम, मिक्सर मागवला का?" आई म्हणाली, "नाही हो, गाणी आहेत." गाण्यांना एवढं वजन असतं हे त्याला पटलं नाही, तो जिना उतरताना दोनदा वळून बघत होता. मी खोका लगेच उघडला नाही. घरात आधीच खोके आहेत, हॉलमध्ये, पलंगाखाली, गॅलरीत. आपली बिल्डिंग पाडणार आहेत, दिवाळीनंतर भाड्याच्या जागेत जायचंय, आणि कित्येक आठवडे ऑफिसमधून आले की माझं एकच काम असतं: एक वस्तू हातात घ्यायची आणि ठेवायची की टाकायची ते ठरवायचं. तुमच्या वस्तूंपाशी आले की ठरत नाही. मग मी चहा करते आणि चहाचा कपसुद्धा कुठल्या तरी खोक्यावर ठेवते. शेवटी शनिवारी दुपारी खोका उघडला. समुद्रापलीकडच्या एका बेटावरच्या, कधीच बंद पडलेल्या छोट्या रेकॉर्ड कंपनीची सगळी गाणी त्यात आहेत. मोठ्या काळ्या रेकॉर्ड, एक जाड पुस्तक, आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, आभारांमध्ये, तुमचं नाव. स्पेलिंग मी पुन्हा पुन्हा तपासून पाठवलं होतं. बरोबर छापलंय.

हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं, अर्धवट रिपोर्ट तुम्ही ऐकून घेत नसायचात. तुमचं कपाट रिकामं करताना नाट्यगीतांच्या आणि भावगीतांच्या गठ्ठ्यात ती कोंबड्याची रेकॉर्ड सापडली. बशीएवढी, मधे मोठं भोक, मातकट लेबलवर हाताने काढलेला कोंबडा, आणि ते लेबलही तिरकं चिकटवलेलं. मामा बोटीवर होता तेव्हा त्याने त्या बेटावरच्या बंदरातल्या दुकानातून तुमच्यासाठी आणलेली. ती पहिल्यांदा लावली तेव्हाची गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की मी तिथे होते असंच मला वाटतं. खरं तर मी जन्मलेही नव्हते. शेजारचे काका दारातून डोकावतात आणि म्हणतात, "काय हो, मोटर गेली वाटतं. फारच हळू फिरतेय." तुम्हालाही शंका येते. तुम्ही रेकॉर्डवर कागदाचा कपटा ठेवता, घड्याळ लावून फेरे मोजता आणि म्हणता, "यंत्र बरोबर आहे. माणसंच सावकाश गातायत." असल्या गाण्याला रेगे म्हणतात असं मामाने सांगितल्यावर आईने विचारलं होतं, "म्हणजे आपल्यातलेच की काय?" तेव्हापासून आपल्या घरात त्या गायकाचं नाव रेगेकाका. शब्द कुणालाच कळत नव्हते. "देवाला हाक मारतोय, एवढं कळतं," तुम्ही म्हणायचात. रविवारी सकाळी आधी नाट्यगीतं, मग भावगीतं, आणि सगळ्यात शेवटी, खोपटच्या डेपोतली एसटीची घोषणा ऐकू येऊ नये म्हणून खिडकी लावून घेऊन, रेगेकाका.

कुणाला द्यावी म्हणून मी तिचा फोटो जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या एका साइटवर टाकला. लगेच इंग्लंडहून एका म्हाताऱ्या गृहस्थांची मेल आली. ते या कंपनीची सगळी गाणी एकत्र करत होते. कंपनीच्या मूळ टेप पुरात गेलेल्या. हे गाणं निघालं होतं एवढं त्यांना ठाऊक होतं, पण त्याची प्रत कुणी पाहिलेली नव्हती. व्हिडिओवर बोलताना मी रेकॉर्ड कॅमेऱ्यासमोर धरली तर ते चष्मा लावून स्क्रीनच्या अगदी जवळ आले. मी ती आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून त्यांना गाणं उतरवून घ्यायला पाठवली आणि परत येईपर्यंत नीट झोपले नाही. रेकॉर्ड आली, डबा आला, साडीही घडी करून आली. आता हा खोका.

पुस्तकात त्या गाण्यावर अख्खं एक पान आहे. मी ते खिडकीत उभी राहून वाचलं आणि मग खाली बसले. ते इंग्लंडचे गृहस्थ लिहितात की मधल्या कडव्यात एक हलका ठोका ऐकू येतो, टक, असा, लाकडावर बोट टेकवल्यासारखा. तो तालावर पडत नाही, दर वेळी किंचित सरकतो, आणि थोड्या वेळाने येईनासा होतो. त्यांच्या ध्वनितंत्रज्ञाला तो चरा वाटला होता. पण चऱ्याचा आवाज टोचतो, हा मऊ आहे, असं म्हणून त्यांनी तो काढू दिला नाही. त्यांच्या मते तो त्या गाण्यातल्या ड्रमवाल्याचा ठोका आहे. हा ड्रमवाला वाजवताना मधेच असं काहीतरी एकाच कडव्यापुरतं करायचा आणि सोडून द्यायचा म्हणे. इतका संयम त्या काळी दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

बाबा, तो ठोका कुणाचा आहे ते तुम्हाला माहीत आहे.

मी सहा-सात वर्षांची आहे. खंडेनवमी. तुम्ही सकाळी वागळे इस्टेटमधून कारखान्यातली पूजा आटोपून आलाय, शर्टाला झेंडूची पाकळी चिकटलीय. घरातली पूजा आता तुम्ही मांडता. पाटावर तुमचं मापं घ्यायचं व्हर्नियर, पाना, आईची विळी, कात्री, माझी पट्टी. टीव्हीला फूल, शिलाई मशीनला फूल. मग रेकॉर्ड प्लेअर. त्याच्यावर रेगेकाका आहेत, काल लावलेले, उचलायचे राहिलेले. तुम्ही अनामिका ओल्या गंधात बुडवता, प्लेअरच्या झाकणाला लावता, आणि त्याच ओघात, देवाला लावावं तसं, रेकॉर्डलाही लावता. वर कुंकू.

"अहो!" आई ओरडते. "यंत्राला लावा, तबकडीला काय लावताय?"

"राहिली असती बिचारी."

"सुई अडकेल ना!"

"पुसू की मग."

तुम्ही उठायच्या आत आई ओलं फडकं घेऊन आली आणि तिने ते असं घासून पुसलं की गंध वरून गेलं आणि रेघांमध्ये जाऊन बसलं. त्यानंतर रेगेकाका मधल्या कडव्यात आले की टक. दुसऱ्या फेरीला पुन्हा टक. तुम्ही ते कधी काढायचा प्रयत्न केला नाहीत, तुमच्यासारख्या माणसाने, जो भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा तिरकं खपवून घेत नसे. टक झालं की तुम्ही आईकडे बघायचात आणि आई म्हणायची, "माझ्याकडे काय बघताय?"

मला शाळेच्या आधी तुम्ही तपासायला शिकवलंत. जेवणाच्या टेबलावर तुम्ही कारखान्यातले पितळी नग मांडायचात, चांगले आणि नापास झालेले मिसळून. मी प्रत्येकाला मापाचं गेज लावायची. बसला तर तुमच्या तळहातावर, नाही बसला तर वाटीत, टण् असा. एकदा मला झोप आली होती म्हणून मी शेवटच्या नगाला गेज न लावताच तुमच्या हातावर ठेवला. तुम्ही रागावला नाहीत, आवाजही चढवला नाहीत, फक्त तो नग उचलून माझ्या हातात परत दिलात. "अंदाजाने पास म्हणायचं नाही. हा कुणाच्या तरी गाडीत बसणार आहे." मी रडले. आई म्हणाली, "पोरगी आहे ती, इन्स्पेक्टर नाही." पण मी झालेच, बाबा. औषधांच्या कंपनीत मी गोळ्यांसोबतची माहितीपत्रकं तपासते. ऑफिस वागळे इस्टेटमध्येच, काचेची इमारत, तुमच्या कारखान्यापासून दोन गल्ल्या पुढे. एक टिंब सुटलं तरी मी अख्खा लॉट थांबवते. ऑफिसातली मुलं मला पाठीमागे बादबाई म्हणतात. घरी आल्यावरही गॅस बंद आहे ना म्हणून मी पुन्हा पुन्हा बघते. मी दमलेय. हे आईला सांगितलं तर ती काळजी करत बसेल, म्हणून इथे लिहितेय.

रविवारी मामा कल्याणहून आला. त्याला गाणं लावून दाखवलं. तो डोळे मिटून ऐकत होता, आणि टक झाल्यावर एकदम हसला. "अगं, हे तर भाऊजींचं गंध!" मी पुस्तकातलं पान वाचून दाखवलं तेव्हा तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. "आता सांगतो, भाऊजी नाहीत म्हणून. ही रेकॉर्ड मी निवडून बिवडून आणली नव्हती. मी रेडिओ घेतला, तर त्या दुकानदाराने वर ही दिली. खपतच नव्हती म्हणे." मग जरा वेळाने म्हणाला, "तू काही बोलायला जाऊ नकोस हां त्या गोऱ्याला. चाललंय ते चांगलं चाललंय."

पण तो गोरा विचारतोय, बाबा. हे छापलेले खोके संपत आले आहेत, आता दुसरी आवृत्ती निघणार आहे. त्यांनी अगदी आदबीने लिहिलंय की या रेकॉर्डच्या प्रवासाबद्दल काही माहिती असेल, काही चुकलं असेल, तर छपाईला जाण्याआधी कळवावं. तुम्ही असतात तर त्याच दिवशी कळवलं असतंत. मीही उत्तर लिहायला घेतलं. आमच्याकडे हत्यारांची पूजा करतात, असं सुरू केलं, गंध म्हणजे काय ते लिहिलं, आणि थांबले. कारण कळवलं की ते तो ठोका काढणार. आता असं साफ करता येतं की काही राहतच नाही. तसाच ठेवा अशी विनंती करता आली असती, पण मग तो गाण्यातला उरला नसता. ठाण्याच्या एका कुटुंबाची गंमत म्हणून पानाच्या तळाशी गेला असता.

आई मेथी निवडत होती. मी तिला विचारलं, "सांगू?"

"सांग की. ह्यांनी सांगितलंच असतं."

"मग ते काढून टाकतील."

तिने हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, "मी तेव्हा एवढं घासायला नको होतं." आणि थोड्या वेळाने, "नाही, घासलं ते बरंच झालं."

मला खरा त्रास त्या ड्रमवाल्याचा होता. त्याने न वाजवलेला ठोका त्याच्या नावावर चढलाय. तोही आता नाही, पुस्तकात तसं लिहिलंय. तुमचा ठोका मी दुसऱ्याच्या खात्यावर कसा राहू देऊ? मग मनात आलं, त्याचीही कुणी मुलगी असेल. तिने ते पान वाचलं असेल, रेकॉर्ड लावली असेल, आणि मधलं कडवं आलं की तीही पुढे सरकून बसत असेल, आता येईल, आता येईल. तिला काय सांगायचं? हा तुझा बाप नव्हे, माझा आहे?

सोमवारी ऑफिसला निघायच्या आधी मी उत्तर पाठवलं. हे पत्र मात्र कुठे पाठवणार? ते तुमच्या व्हर्नियरच्या पेटीत ठेवतेय. पेटी भाड्याच्या घरी आमच्याबरोबर येणार आहे, तेवढं ठरलं. त्या उत्तरात मी एवढंच लिहिलं की सगळं बरोबर आहे, माझ्याकडून काही दुरुस्ती नाही. बाबा, अंदाजाने नाही. गेज लावलं होतं, बसत नव्हतं, मला पक्कं दिसत होतं. तरी पास म्हटलं.