चघळलेल्या पत्राचे उत्तर

सोलापूर,
भाद्रपद वद्य पंचमी, शके १८५४

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्या रुक्मीचा साष्टांग नमस्कार. मी येथे खुशाल आहे. तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि परसातले लिंबाचे झाड, तिघांच्याही प्रकृतीचे वर्तमान कळवावे. मागच्या खेपेस तुम्ही गुडघ्याविषयी दोन ओळी आणि लिंबाविषयी दहा लिहिल्या होत्या, त्यावरून गुडघा बरा असावा असे धरून चालले आहे.

तुमचे सोमवारचे पत्र पोचले, पण वाचता आले नाही. पोस्टमनने ते उंबऱ्यातून आत टाकले आणि मी पिठाचे हात धुऊन येईपर्यंत मंगळ्याने त्याचा चोथा केला. वर ‘चि. रुक्मीस अनेक आशीर्वाद’, मध्ये कोठेतरी ‘दसऱ्या’ एवढी अक्षरे आणि खाली तुमची सही, इतकेच हाती लागले. तेव्हा उत्तर मुद्देसूद नसेल तर त्याचा दोष माझ्याकडे नाही. खरे म्हणजे तो तुमच्याकडेच आहे. एकटी बाई परगावी राहते, दारात राखण हवी, म्हणून चैत्रात बिरप्पा धनगराबरोबर हे पिल्लू घोंगडीत गुंडाळून धाडणारे तुम्हीच. (मंगळवारच्या बाजाराला आले म्हणून मंगळ्या.) तेव्हा ते सुपात मावत होते. आता आठ महिन्यांचे झाले आहे आणि मागल्या पायांवर उभे राहिले की माझ्या चष्म्याशी बरोबरी करते.

राखण म्हणाल तर चोर अजून आलेला नाही, आणि आला तर त्याला नेण्यासारखे काही उरलेलेही नाही. माझ्या दोन चपलांपैकी एक मंगळ्याने पूर्ण खाल्ली आणि दुसरी मला घालता येऊ नये इतपतच खाल्ली. छत्रीची मूठ गेली. लाटणे आता दोन्ही टोकांना निमुळते आहे, त्यामुळे पोळीचा आकार मी त्याच्यावरच सोपवला आहे. जेवायच्या पाटाच्या एका बाजूचे खूर त्याने असे कुरतडले, की माझ्याकडे जेवायला बसणारे माणूस आपोआप देवघराकडे झुकते. (आमच्या हेडबाईंना वाटले मी मुद्दाम तसा करवून घेतला, आणि त्यांनी माझ्या भाविकपणाची तारीफ केली.) मुलींच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिकांवर मात्र तो आख्खी दुपार डोके ठेवून झोपला होता. त्या तपासायला घेतल्यावर मलाही झोपच आली, तेव्हा त्यात त्याचे विशेष काही नाही.

पहिल्यांदा मी रागावले. लाटणे समोर धरून त्याला खडसावले, कान धरले, कोंडले. शिकवण्याचा अकरा वर्षांचा अनुभव, त्यात एवढेच कळले की घडून गेल्यावर दिलेले व्याख्यान कुत्राही ऐकत नाही आणि तिसरीतली मुलगीही. मग ज्येष्ठात एक दिवस चटईवर तांदळाएवढा दात सापडला. दुधाचा. तो हातात धरून मी किती वेळ बसले होते कोण जाणे. तुमचा पुढचा दात पडला तेव्हा आईने तो शेणाच्या गोळीत घालून माळवदावर फेकला होता आणि चांगला दात येऊ दे म्हणून तुम्ही अंगणात हात जोडून उभे होतात, ते आठवले. मी इकडेतिकडे पाहिले, शेणाची गोळी केली आणि तसेच केले. हसू नका, दादा. दात उत्तम आला आहे. त्याच दाताने छत्री गेली.

बिरप्पा घोंगड्या घेऊन पुढच्या बाजाराला आला तेव्हा त्याच्यापुढे गाऱ्हाणे घातले. तो पाटावर बसला, देवघराकडे झुकला आणि म्हणाला, “त्येला हितं मेंढरं न्हाईत, रान न्हाई. मग दातांनी काय करावं त्येनं? काम द्या की बाई. आन् तोंडातलं हिसकू नका. हिसकलं की आनखी धरतंय. बदल्यात तोलामोलाचं दुसरं म्होरं करा, आपसूक सोडतंय.” एवढे सांगून त्याने झोळीतून एक वस्तू काढून दिली. ती वस्तू काय होती हे मी लिहीत नाही. मेंढ्याच्या डोक्यावर दोन असतात, त्यांतली एक. पहिल्या दिवशी मी ती सांडशीने उचलली आणि नंतर डोक्यावरून अंघोळ केली. दुसऱ्या दिवशी हातपाय धुतले. परवा मंगळ्याच्या तोंडातून ती काढून, पदराला पुसून, पुन्हा त्याला दिल्यावर माझ्या ध्यानात आले, की हात धुवायचेही राहिले. रोज पहाटे त्याला तळ्यापर्यंत पळवूनही आणते. (तो मला आणतो, असे बघणारे म्हणतात.)

आता तुमच्या पत्रात काय होते ते मला ठाऊक नाही. तरी समजा, त्यात असे असते, की आषाढात तापाने फणफणलीस तेव्हा घोटभर पाणी द्यायला कोणी नव्हते, आता पुरे झाले, नोकरीचा राजीनामा दे आणि दसऱ्यापर्यंत बिऱ्हाड मोडून करमाळ्यास ये, तर मी काय उत्तर दिले असते? मी लिहिले असते, की पाणी द्यायला ईरम्मा होती. ईरम्मा म्हणजे शेजारची, त्यांच्याकडे हातमाग आहे. त्या दुपारी मी अंथरुणात निपचित पडले होते आणि मंगळ्याने (येथे इमानदारीची कथा अपेक्षित असेल तर निराशा होईल) मला तसेच टाकून ईरम्माच्या मागावरचा, आडवे सूत नेणारा चालता लाकडी धोटा पळवला. ती बाई कानडीतून शिव्या देत, काठी घेऊन, धोट्यामागे माझ्या घरात शिरली आणि मला पाहून काठी टाकून दिली. तीन दिवस तिने मला पेज पाजली. चौथ्या दिवशी धोट्यावरून भांडली. तो धोटा आता मंगळ्याकडेच आहे.

एक मनातले लिहिते. या पिल्लाचा मला राग टिकत नाही, कारण त्याचे वय मला ओळखीचे आहे. पंधराव्या वर्षी मी कपाळ पुसून माहेरी परत आले, तेव्हा भांडी आपटत होते, पदराची टोके चावून चिंध्या करत होते. पोरगी बिथरली, असे सगळे म्हणाले. कोणी रागावले, कोणी कोंडले. तुम्ही एकटेच मला गोठ्यात घेऊन गेलात, आपली पाटी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, घे, हिच्यावर काढ सगळे. दादा, मी त्या दिवशी पदर चावायचे सोडले. ते तुम्हाला कधी सांगितले नव्हते.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
रुक्मी

ता. क. : बिरप्पाने दिलेल्या वस्तूविषयी वहिनींना सांगू नये. विचारल्यास चंदनाचे खोड म्हणावे. दसऱ्याला तुम्ही आलात तर जुन्या वहाणा घालून या.

आणखी ता. क. : पाकीट बंद करायला घेतले, पण मंगळ्या समोर बसून बघतो आहे आणि त्याच्या माथी खोटे मारवत नाही. तो कागद खात नाही, दादा. कातडे, लाकूड, काथ्या, सगळे चालते. कागद नुसता हुंगतो आणि सोडतो. तुमचे पत्र धड आहे, ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत आहे. चार वेळा वाचले. ‘घर तुझेच आहे’ या ओळीपाशी रडलेसुद्धा. पण पाटी तुम्हीच दिलीत. ती आता हिसकू नका, मी आणखी घट्ट धरीन. घ्यायचीच असेल तर बिरप्पाच्या रीतीने घ्या, आधी बदल्यात तोलामोलाचे काहीतरी पुढे करा. करमाळ्यात तसे काय आहे, ते उलट टपाली कळवावे.