जोडी दोघांचीही राहते

अण्णा,

अमोनियम आयन मी वर्गात आजही तुम्ही शिकवलात तसाच शिकवते. भोरच्या आपल्या स्वयंपाकघरात पाटावर माझी वही ठेवून तुम्ही तो काढला होतात. नायट्रोजन तीन हायड्रोजनांत गुंतलेला आणि त्याच्याजवळ दोन इलेक्ट्रॉनांची एक न वापरलेली जोडी. समोरून हायड्रोजनचा आयन येतो, त्याच्यापाशी एकही इलेक्ट्रॉन नाही. नायट्रोजन आपली जोडी पुढे करतो आणि कोऑर्डिनेट बंध होतो. मी खाली लिहिलं, 'दाता जोडी देऊन मोकळा होतो.' तुम्ही लाल पेन्सिलीनं काट मारलीत. "मोकळा कसा होईल? दिली म्हणजे गेली नव्हे. जोडी दोघांचीही राहते. एवढं कळत नसेल तर रसायनशास्त्र सोड!" पलीकडे विंझरची काकू, तुमच्या धाकट्या भावाची बायको, तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं. मला वाटलं, तुमच्या आवाजाला बिचकली. ती घरचा आंबेमोहोर घेऊन यायची आणि तुम्ही "पोरीचा अभ्यास आहे" म्हणून तिला दुपारच्याच एसटीनं परत पाठवायचात.

परवा विंझरला गेले होते. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. औषधाचे थेंब घातले, तर माझ्याकडे बघत राहिली. "नाक माज्या आयवानी हाय तुजं." मी हसले. ती हसली नाही. "थोरल्या जावंला मूल न्हवतं. म्याच तुला तिच्या ओटीत घातली. तुज्या अण्णांनी शपथ घातली, पोरीला कळता कामा न्हाई. आता ते न्हाईत, जाऊबाय न्हाईत. म्या तरी किती दिस गिळू?"

अण्णा, मला फसवलंत तुम्ही. मूल मागितलंत याचा राग नाही, घराघरांत होतं ते. पण तिनं दिलं आणि तुम्ही तिचा वाटाच ठेवला नाहीत. ज्या वाक्यावर माझ्या वहीत काट मारलीत, तेच तिच्या बाबतीत जन्मभर खरं करून दाखवलंत. बरं, 'दिली म्हणजे गेली नव्हे' हे मला ओरडून सांगितलंत, तेही ती समोर तांदूळ पाखडत असताना! जीभ कशी अडखळली नाही तुमची?

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. परवा निघताना तिच्या पाया पडले. 'आई' अगदी ओठांवर आलं होतं. तीही उंबऱ्यात थांबून राहिली होती. मी म्हणाले, "काकू, येते." शपथ तिनं मोडली, अण्णा. मीच अजून पाळतेय.