रिकाम्या गाडीचा ब्रेक

अण्णा, नऊला वीस कमी आहेत. बाई सव्वानऊला घरातून निघतात. म्हणजे माझ्याकडं पस्तीस मिनिटं आहेत, आणि त्यातली काही मी तुम्हाला लिहिण्यात घालवतोय. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. खरं सांगायचं तर एवढ्या वर्षांत बाप म्हणून तुम्हाला काही विचारावं असं वाटलं नाही. मिरजेत दुकान टाकलं, जळालेल्या पंपाच्या मोटारींत नवी तांब्याची तार भरायला शिकलो, मग विजेच्या स्कूटर आल्या तशा त्याही उघडून, जाळून, पुन्हा जोडून शिकलो. कुणाच्या हाताखाली एक दिवस काढला नाही. विसाव्या वर्षी पहिली मोटार भरून चालू केली आणि तुम्हाला दाखवायला नेली, तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "कुनी शिकवलं?" मी छाती काढून म्हणालो, माझा मी शिकलो. तुम्ही मोटारीवर हात ठेवून ती किती तापलीय ते बघितलंत आणि म्हणालात, "मग चुकलास तर सांगणार कोन?" मी आठ दिवस तुमच्याशी बोललो नव्हतो. आज ते वाक्य सकाळपासून दुकानात माझ्या आधी येऊन बसलंय.

बाई म्हणजे तासगावकडच्या एका गावातल्या शाळेच्या शिक्षिका. त्यांची स्कूटर पंचवीसच्या वर पळत नाही, कंपनीनंच तशी बांधलेली असते. मागून उसाचे ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न मारत पुढं जातात, भीती वाटते, म्हणाल्या. गाडीवर त्यांच्यापुढं त्यांची तिसरीतली मुलगी उभी असते. मी माझ्या स्वतःच्या गाडीवर हा प्रयोग आधीच केला होता. वेग धरून ठेवणारी एक पांढरी वायर असते, ती कापून टोकं नीट झाकायची, झालं. गाडी बेचाळीसवर गेली. मी अंदाजानं काम करत नाही, तुम्हाला माहीत आहे. सपाट रस्त्यावर खडूनं रेघ मारून, टेप लावून मोजलं: पंचवीसला ब्रेक दाबला तर एकोणीस फुटांत थांबते, बेचाळीसला छप्पन्न फुटांत. दोन्ही आकडे वहीत लिहिले. छप्पन्न हा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मी त्याच्याकडं न बघता बेचाळीसकडं बघत बसलो. बाईंची गाडी तशीच करून दिली. नेताना त्यांनी विचारलं, "दादा, ब्रेकचं काय करायला लागंल का?" मी हसलो. म्हणालो, बाई, गाडी माझ्यावर सोडा. चार दिवसांनी त्या घरच्या बेदाण्याचा पुडा देऊन गेल्या. तो समोर फळीवर आहे, अजून फोडलेला नाही.

काल सकाळी माझ्या त्याच गाडीवर बायकोला मागं बसवून निघालो होतो. रेल्वेच्या पुलावरून खाली उतरताना पुढं उसाची ट्रॉली हळू झाली. मी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी थांबेना. म्हणजे वेग कमी होत होता, पण ट्रॉली त्याच्यापेक्षा लवकर जवळ येत होती. हाताची बोटं पांढरी पडलेली मला दिसत होती, आणि डोक्यात एकच, की हे मी केलंय. थांबलो तेव्हा ट्रॉलीतून लोंबणारं उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं माझ्या तोंडाला घासत होतं. बायको मागून म्हणाली, "आवं, ह्ये वाढं म्हशीला घालत्यात. मला कशाला चारताय?" मी हसलो नाही. मग ती हळूच म्हणाली, "त्या बाईंची बी अशीच केलीसा न्हवं?"

तेव्हा मला वाईचा एसटी डेपो आठवला, तुम्ही तिथं मेकॅनिक होता. ब्रेकचं काम झालेली एसटी तुम्ही रिकामी घाटात नेऊ देत नव्हता. आधी वाळूची पोती चढवायची, मग जो मोकळा असेल तो माणूस. मी आठ वर्षांचा. शाळेला सुट्टी, म्हणून मलाही वजन म्हणून बसवलंत, शेवटच्या सीटवर, तुमच्या शेजारी. पसरणीचा घाट उतरतोय. कॅन्टीनवाला पुढून ओरडून सांगतोय की आण्णा, तिरडीम्होरचं मडकं बी संगट घ्यायला पायजे हुतं, म्हंजी परत जायला नगं. सगळे हसतायत. तुम्ही हसत नाही. तुमचा कान खाली चाकाकडं आहे आणि हात माझ्या दंडावर. मी विचारलं, रिकामीच का नाही नेत? तुम्ही म्हणालात, "रिकामी गाडी कुटंबी थांबती. भरल्याली थांबाया पायजे." तुमचा तो हात घट्ट होता. तुम्हालाही भीती वाटत होती, हे मला काल, पुलाच्या उताराला, पन्नाशी उलटल्यावर कळलं. तुम्ही भीत होता आणि तरी शेवटच्या सीटवर बसत होता, पोराला घेऊन. मी खडूच्या रेघेवर एकटा गेलो, सपाटीला, आणि वही बंद केली.

बाईंच्या रस्त्यावर ओढ्याचा पूल आहे. रस्ता त्याच्याकडं उतरत जातो आणि शेवटी वळतो. त्या एकट्या नसतात.

एक सांगायचं राहिलं. काल संध्याकाळी मी त्यांना फोन लावला होता. त्यांनी उचलला. मी विचारलं, गाडी कशी आहे? त्या म्हणाल्या, "एकदम झकास, दादा. आता कुणी हॉर्न मारत न्हाई." मी म्हणालो, बरं. आणि ठेवला.

नऊ वाजून सहा मिनिटं झालीत. हे पत्र लिहायला बसलो ते तुमची आठवण आली म्हणून नाही, अण्णा. तो फोन पुन्हा लावायला धीर हवा होता, म्हणून बसलो. पेन खाली ठेवतो.