जवसाचं तेल आणि सकाळचा फोन

४ नोव्हेंबर
आजपासून रिफाइंड तेल बंद. कायमचं. सीमा पुण्याला मुलाकडे, नितेशकडे, नातीला सांभाळायला गेली, तेव्हापासून पोट धड नाही. ती गेल्यामुळे नव्हे, तेलामुळे. एकटं राहायचा मला काहीच त्रास नाही. टीव्हीचा रिमोटसुद्धा आता माझ्याच ताब्यात असतो.

५ नोव्हेंबर, सकाळ
सीमाचा फोन. रोज याच वेळी येतो आणि पहिला प्रश्नही रोजचाच: झालं का साफ? नाही म्हटलं. मग रात्री काय खाल्लं, पाणी किती प्यालो, फिरायला गेलो की नाही, सगळी उलटतपासणी. बराच वेळ गेला. बायकांना बोलायला काहीतरी विषय लागतोच.

८ नोव्हेंबर
जठारपेठेतल्या मोतीरामच्या लाकडी घाण्यावरून करडीचं आणि जवसाचं तेल आणलं. मोतीराम म्हणे, काकाजी, जवसाचं थोडंच न्या, लवकर खवट होते, एकट्याले किती लागते? एकट्याले म्हणे! मुद्दाम मोठी कॅन घेतली.

११ नोव्हेंबर
झुणक्यावर कच्चं जवसाचं तेल, ठेच्यावर करडीचं. ताटात भाकर पोहत होती. पोट ढिम्म. सीमाला फोनवर सविस्तर सांगितलं. ती वैतागली. असं काहून करून राहिले तुमी, रविवारी मीच येतो दोन दिवस, म्हणाली. तिकीटही काढलं. मी म्हटलं, तुझी मर्जी. नंतर सगळं घर झाडलं, पलंगावर नवी चादर टाकली. तशीही बदलायचीच होती.

१३ नोव्हेंबर
ती यायच्या आत पोट ठणठणीत करून दाखवायचं ठरवलं. पहाटे आल्याच्या चहात एरंडेल घेतलं आणि साडूच्या मुलीच्या साक्षगंधाला अमरावतीला निघालो. एरंडेल घेतल्या दिवशी उंबरा ओलांडू नये, असं आई सांगायची. पण तेव्हा एसटी हळू चालायची. आज अर्ध्या वाटेत मूर्तिजापूरलाच उतरावं लागलं. साखरपुडा हुकला.

१४ नोव्हेंबर
विजय! पोट एकदम साफ. आज मीच फोन लावला आणि सगळा पराक्रम सांगितला. सीमा खूश झाली. चला, जिवाले घोर होता तो मिटला, म्हणाली. पोरीले ताप आहे, आता कायले येऊ, तिकीट कॅन्सल करतो.
मी म्हटलं, कर ना. मला काय.

१५ नोव्हेंबर
घाईत बोललो. आता धोरण बदललं. बसस्टँडवर काळ्याकुट्ट तेलातले आलुबोंडे खाल्ले, वरून तर्री मागून घेतली. रात्री गाडीवरची भजी. उद्या पोट बिघडणार म्हणजे बिघडणारच. मग बघू तिकीट कसं निघत नाही.

१६ नोव्हेंबर
साफ. नतद्रष्ट पोट. नको तेव्हा शहाणं झालं.

१७ नोव्हेंबर, रविवार
सकाळी फोन आला. नातीचा ताप उतरला. पुण्यात थंडी आहे. झालं का साफ, हे विचारलंच नाही. विचारायचं कारणच उरलं नाही. मला म्हणायचं होतं, सीमा, घर खायला उठतं, तू ये.
तोंडातून निघालं, आजही साफ झालं.
ती म्हणाली, बरं झालं. आणि फोन ठेवला.