आमच्या गल्लीचा खांब

६ एप्रिल
कुठल्या गल्लीला कितीदा नळ येतो याचा आलेख घरच्या लॅपटॉपवर दिसतो. तोच प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या फाइलींसकट एका गाठोड्यात, बांधून ग्रा.पं.च्या जुन्या कॉम्प्युटरवर चालवला, तर मथळा येतो आणि आलेखाच्या जागी पांढरी चौकट. ग्रामसेवक चहा पीत: "मॅडम, कागदावर काढून आना ना." कागदावरच्या खांबावर क्लिक करून तारखा उघडत नाहीत. कागदच दाखवत आलेत हे इतकी वर्षं.

७ एप्रिल
सापडलं. आलेख पायथनमधला माझा कोड तयार करतो, पण ब्राउझरमध्ये तो रंगवणारी स्क्रिप्ट इंटरनेटवरून येते. ग्रा.पं.त नेट कुठलं! ती फाइल कंटेनरच्या आतच ठेवली. चौकट भरली.

१२ एप्रिल
नळ आला की बायका मला गल्लीचं नाव मेसेज करतात. या आठवड्याच्या नोंदी आलेखात येईनात. नोंदींची फाइल मी बांधतानाच आत कोंबली होती. कंटेनर जुनंच दाखवत बसला. आता फाइल बाहेर, तो तिथून वाचतो.
१ मेच्या ग्रामसभेत मोठ्या पडद्यावर. सरपंचाच्या गल्लीला रोज पाणी, गाव कोरडं, हे मी तीन सभांत बोलले. आता त्याच्या तोंडावर.

१८ एप्रिल
सर्वांत उंच खांब सरपंचाच्या गल्लीचा नाही. आमचा.
कोड तीनदा तपासला. नोंदी हाताने मोजल्या. बरोबर. आम्हाला चौथ्या दिवशी, त्याला सहाव्या, वरच्या गल्लीला अकराव्या. आम्हाला चौथ्या म्हणजे सगळ्या गावाला चौथ्या, असं धरून चालले होते. कुणाला विचारलं नाही. भाषणं केली.

१९ एप्रिल
मलकापूरच्या कॉलेजातले तास आटोपून थेट टाकीवर. पाणी सोडणारा गजानन एकटाच होता. विचारलं, आमच्या गल्लीला जास्त सोड असं सरपंचाने सांगितलं का तुला?
"नाही ताई. तुमी माइक हाती घेतला का माह्यंच नाव घेता. लोकं हासतात, पोरगी शाळेतून रडत येते. मंग तुमच्या गल्लीचा कॉक आधी खोलतो. तुमी शांत राह्यल्या म्हंजे झालं."
तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करणाऱ्यांवर मी वर्गात तासभर बोलते. त्याला "येते" म्हणून निघाले.

२७ एप्रिल
शेजारच्या शोभाकाकू. आमच्या गल्लीचे मेसेज त्याच पाठवतात. "आपली गल्ली काहाले दाखवतं वो? एक खांब कमी झाला तं कोनाले समजते?"
आमचा खांब लपवणं कोडमध्ये एका ओळीचं काम. लिहिली. पुसली. परत लिहिली.

१ मे
ती लपवणारी ओळ पुसूनच सभेला गेले. मीच आमच्या खांबावर क्लिक केलं. तारखा उघडल्या, एकीखाली एक.
सरपंच: "भाषण तं लय जोरदार राह्यते ताई तुमचं. आज काऊन गप?"
सभा हसली. वरची गल्लीसुद्धा. कुणालाही अकरा दिवसांचा राग आला नाही, माझी जिरली याचा आनंद झाला. पाणी सोडायचं वेळापत्रक मागितलं. सरपंच म्हणाला, पुढच्या सभेत पाहू. गजानन मागे भिंतीला टेकून उभा. त्याची माफी मागायची होती, माइकवरूनच. तोवर त्यांनी माइक बंद केला होता.

६ मे
नळ आला. परत आधी आमच्याच गल्लीला. शोभाकाकूंनी भरलं. मीही भरलं, सगळी पिंपं, वर बादल्यासुद्धा.
काकू दारात, फोन हातात. "मेसेज पाठवू का नोको?"
मी बादली आत नेली. संध्याकाळचे सात वाजले. आलेखात आमच्या गल्लीची आजची नोंद नाही.